उलटा गुंडाळलेला दोर

एका राज्यात, त्याचं नाव विचारू नका, सांगितलं म्हणून तुम्ही काही तिथं जाणार नाही, उदयमल्ल नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता. शूर होता, दानी होता, डोक्यानंही बरा होता. पण दानी माणसाला खोड लागते ती त्याला लागली होती. दरबारात कोणी मागायला आला आणि त्यानं नुसतं तोंड उघडलं, की राजा म्हणायचा, "दिलं." काय मागितलं ते नंतर ऐकायचा. आजा असंच म्हणायचा, बाप असंच म्हणायचा, म्हणून हाही म्हणायचा. लोक म्हणत, केवढं मोठं मन! मन कसलं डोंबलाचं. जिभेला वळण पडलं होतं, दुसरं काय.

त्या राज्याची आणखी एक रीत होती. गावाच्या डोक्यावर तलाव. तलावाला दगडी मोरी, मोरीच्या तोंडावर सागवानी फळी, फळीला दोर, आणि दोर गुंडाळायला रहाट. पहाटे नगारा वाजला की राजानं स्वतः जायचं, रहाट उजवीकडं फिरवायचा. दोर गुंडाळला जायचा, फळी वर चढायची, मग खिट्टी घालायची. पाणी पाटात पडायचं आणि लोक घागरी घेऊन उभेच असायचे. सांज झाली की राखणदार खिट्टी काढायचा, फळी आपल्या वजनानं खाली बसायची, पाणी बंद. पण पहाटेचा रहाट राजाच्याच हातचा. ताप असो, लढाई असो, रहाट चुकला नाही.

एक दिवस दरबारात कर्कट जादूगार आला. अंगाला राख, खांद्याला झोळी, काखेत सोन्याचा हंडा.

"राजा, मागायला आलो आहे."

"दिलं," राजा म्हणाला.

"तुझ्या डोक्यात तीन माणसं राबतात. पळ्या, धऱ्या आणि दूरबघ्या. ती तिन्ही मला हवीत."

आता ही तिघं कोण, ते ऐकून ठेवा, पुन्हा सांगणार नाही. पळ्या म्हणजे समोर काय आलं ते झटक्यात ओळखणारा. धऱ्या म्हणजे चार गोष्टी एकदम हातात धरणारा, एकही सांडू न देणारा. आणि दूरबघ्या म्हणजे हे केलं तर पुढं काय होईल, आणि त्याच्याही पुढं काय, ते आधीच जाऊन बघून येणारा. सगळ्यांच्या डोक्यात असतात ही. कोणाची तगडी, कोणाची मरतुकडी.

राजाचा शब्द गेला होता. कर्कटानं चुटकी वाजवली. राजाच्या कानातून अंगठ्याएवढी तीन माणसं उतरली, राजाला मुजरा केला आणि झोळीत जाऊन बसली.

"परतफेड केल्याशिवाय मी जात नाही," कर्कट म्हणाला, आणि जाता जाता त्यानं सोन्याचा हंडा तलावात टाकला. "हे पाणी जो पिईल तो पायांपासून दगड होत जाईल. आणि राजा, ते पाणी रोज तूच सोडशील."

म्हातारा प्रधान गदाधर कळवळून म्हणाला, "असं का करता? आम्ही तुमचं काय बिघडवलं?"

"घेतलं की असंच द्यायचं असतं," कर्कट म्हणाला आणि गेला. कारण तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे नगारा वाजला. राजा उठला. त्याला सगळं माहीत होतं. पाणी शापाचं आहे, सोडलं तर माणसं मरतील, एवढं लहान पोराला कळेल तेवढं त्यालाही कळत होतं. पण कळलेलं घेऊन पुढं पळणारं, धरणारं, बघणारं कोणी डोक्यात नव्हतं. पाय तलावाकडं गेले. हात रहाटावर गेले. रहाट उजवीकडं फिरला. राजा रडत होता आणि फिरवत होता.

आणि लोक? लोक पीत होते. त्या राज्यात असा नेम होता की राजाच्या डोक्याला जे होईल ते प्रजेच्याही डोक्याला व्हावं. घागर भरायची, घरी न्यायची, प्यायची, आणि मग म्हणायचं, अरेच्चा, हे प्यायचं नव्हतं ना? कासाराच्या घोट्याचा दगड झाला. माळणीच्या पोटऱ्यांचा झाला. गावात विहिरी होत्या, गोड पाण्याच्या. तिकडं पायच वळेनात.

तीन उपाय झाले. राजाला खांबाला बांधलं, तर पहाटे प्रधान गदाधर स्वतःच रहाट फिरवून आला. विचारलं तर म्हणाला, "महाराज आले नाहीत. रोजचं काम, कोणीतरी करायला नको?" मग सुताराला फळी खिळ्यांनी ठोकून टाकायला पाठवलं. तो गेला आणि रोजच्यासारखं रहाटाला तेल घालून परत आला. मग दोरच तोडला. राजानं पहाटे जाऊन दोराला गाठ मारली. दोर तुटला की गाठ मारायची, ही सवयही त्याच्या हाताला होतीच. कोणाला काय बोलणार? सगळे एकमेकांकडं बघत. आपण शहाणे की खुळे, तेच कोणाला ठरवता येईना.

एकटी शेवंता राणी शापातून सुटली होती. ती डोंगराकडच्या राज्यातली, लग्न होऊन नुकतीच आलेली. तिला इथलं वळण पडलं नव्हतं. माहेरच्या सवयीनं ती झऱ्याचं पाणी प्यायची.

राजाला पहिल्या राणीची मुलगी होती, पोवळी. पहिली राणी वारली तेव्हा पोर रांगत होती. शेवंता आल्यापासून पोवळी तिचा पदर सोडत नव्हती. त्या पोवळीचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले होते.

"आईसाहेब," पोवळी म्हणाली, "डास माझ्या पायाला चावला आणि त्याचीच सोंड मोडली."

शेवंता हसली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तिनं पोवळीचा पेला दहा वेळा ओतून दिला होता. दासी दहा वेळा भरून आणायची. "माफ करा राणीसाहेब, हात गेला," म्हणायची आणि पुन्हा भरायची.

शेवंतानं राजाला विचारलं, "महाराज, मी जाऊन तुमची तीन माणसं परत आणू?"

"दिलं," राजा म्हणाला. मग गोंधळून विचारलं, "काय मागितलंत?"

राणी निघाली.

अरण्य लागलं. अरण्यात जुनं झाड, झाडाला ढोली, आणि ढोलीशी एक धनेश पक्षी. मोठ्या चोचीत उंबराचं फळ धरून तो ढोलीत सोडत होता. राणीनं वाकून पाहिलं. ढोलीत कोणी नव्हतं. नुसती सडकी उंबरं.

"पक्षीराज, ढोली रिकामी आहे."

"माहीत आहे," धनेश म्हणाला. "मादी गेली. पिल्लं उडाली. बरीच वर्षं झाली."

"मग फळं कोणासाठी?"

धनेशानं मान तिरकी केली. "तेच कळत नाही, बाई. पंख आणतात. चोच टाकते. मी मधे असतो, एवढंच."

"कर्कट जादूगाराचं घर कुठं?"

"उंबराच्या वाटेवरच. माझ्या सावलीमागून चाल."

ती सावलीमागून चालली. डोंगराच्या पोटात कर्कटाचं घर होतं. कर्कट अंगणात बसून एकच मंत्र पुटपुटत होता आणि समोर काहीच घडत नव्हतं.

"राणी, का आलीस?"

"राजाची तीन माणसं न्यायला."

"तीन कामं करावी लागतील."

"का?"

कर्कट थांबला. भुवया वर गेल्या, खाली आल्या. "आलेल्याला तीन कामं द्यायची असतात," तो म्हणाला.

पहिलं काम भट्टीपाशी. कर्कटानं भाता चालवला. ठिणग्यांचा पाऊस उडाला. "यात एक निळी ठिणगी आहे. विझायच्या आत चिमट्यात धर."

राणी लाल ठिणगीमागं धावली, पिवळीमागं धावली. पदराला भोकं पडली. हात जिकडंतिकडं जाई आणि निळी भलतीकडंच विझून जाई. राणी वैतागली. मग तिनं लाल-पिवळ्या डोळ्यांआड केल्या. अंगावर पडल्या तरी बघितलं नाही. निळं दिसलं की चिमटा, नाहीतर नाही. निळं दिसलं. चिमटा मिटला. झोळीतून पळ्या उडी मारून तिच्या ओंजळीत आला.

दुसरं काम जात्यापाशी. "दळत राहा. मी नावं घेईन. माझी संपली की तू तीच उलटी घ्यायचीस, शेवटापासून पहिल्यापर्यंत. जातं थांबलं की हरलीस."

आणि कर्कट म्हणाला, "पणती, विळी, कोंबडा, चंद्र, उखळ, साप, लोणी."

इथं कुणी शहरातली राणी असती तर संपली होती. दोन्हीकडं लक्ष द्यायला गेली असती आणि दोन्ही सांडलं असतं. पण डोंगराकडच्या राण्या घरचं दळण स्वतः दळतात. शेवंताच्या हातांना जातं सांगावं लागत नव्हतं. हात दळत राहिले आणि डोकं रिकामं, सगळंच्या सगळं नावांसाठी मोकळं.

"लोणी, साप, उखळ, चंद्र, कोंबडा, विळी, पणती."

धऱ्या ओंजळीत आला. राणीनं मात्र आपल्या हातांकडं चमकून पाहिलं. ज्या सवयीनं राजा बुडाला, तिनंच आत्ता मला तारलं? मग सवय चांगली की वाईट? पीठ झाडून ती उठली.

तिसरं काम नदीवर. दोन नावा, एक काळी, एक पांढरी. पलीकडं दोन बेटं, एक चिंचेचं, एक बाभळीचं. नावाडी नाही, नावा आपापल्या जातात.

कर्कट म्हणाला, "काळी नाव बहुतेक वेळा चिंचेला लागते, पांढरी बहुतेक वेळा बाभळीला. कधी कधी भोवरा येतो आणि उलटंही होतं. एका बेटावर चांदीचा कंगवा दोन तुकड्यांत पडला आहे, दुसऱ्यावर विंचू. एका खेपेला एकच तुकडा आणायचा. दोन खेपा मिळतील."

राणी काळ्या नावेत बसली. मध्येच भोवरा आला. नाव गरकन फिरली आणि चिंच सोडून बाभळीला लागली. बाभळीखाली कंगव्याचा अर्धा तुकडा चमकत होता. तो घेऊन ती परत आली.

"दुसरी खेप," कर्कट म्हणाला.

राणीचा पाय काळ्या नावेकडं उचलला गेला. साहजिक आहे. काळ्या नावेनं चांदी दिली, मग काळीतच बसायचं. कोणीही हेच करेल. पाय नावेच्या काठाला टेकला आणि राणी थबकली.

"थांब," ती स्वतःशी म्हणाली. "चांदी नावेनं दिली की बेटानं?"

बेटानं. आणि काळी त्या बेटावर गेली ती भोवऱ्यामुळं, चुकून. बाभळीला जायची नाव पांढरी. म्हणजे जिनं मला काहीच दिलं नाही, तिच्यात बसायचं? हे काय भलतंच! राणीला पुन्हा पुन्हा मनात घोळवावं लागलं. पाय काळीकडं ओढत होता, डोकं पांढरीकडं. शेवटी तिनं पाय हातानं उचलला आणि पांढऱ्या नावेत ठेवला. नाव बाभळीला लागली. उरलेला तुकडा तिथंच होता.

दूरबघ्या ओंजळीत आला.

"ने," कर्कट म्हणाला. "पण एक ऐक. ही तिघं डोक्यात राहतात. सवय मनगटात राहते. डोकं भरलं म्हणून मनगट रिकामं होत नाही. पहाटेच्या नगाऱ्याला राजाच्याच हातानं पाणी अडलं, तर हंडा फुटेल. नाहीतर नाही." एवढं बोलून तो पुन्हा मंत्र पुटपुटू लागला.

राणी घरी आली तेव्हा पोवळी छातीपर्यंत दगड झाली होती. बोलताना तिला धाप लागत होती.

"आईसाहेब, मला उचलू नका. मी जड झाले."

राणीनं तिन्ही माणसं राजाच्या कानाशी धरली. पळ्या आत शिरला, धऱ्या शिरला, दूरबघ्या शिरला. राजाच्या डोळ्यांत दिवा लागावा तसं झालं. त्यानं पोरीला पाहिलं, राणीला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"उद्या नाही," राजा म्हणाला. "उद्या मी रहाटाला हात लावणार नाही."

पहाटे नगारा वाजला. राजा उठला. 'नाही' म्हणत उठला. 'नाही' म्हणत चालला. 'नाही, नाही' म्हणत त्यानं रहाट उजवीकडं फिरवला आणि खिट्टी घातली. पाणी पाटात पडलं. दासीनं पेला भरला. पोवळीच्या गळ्यापर्यंत दगड चढला.

राजा मोरीच्या दगडावर मटकन बसला. "आधी कळत नव्हतं तेव्हा बरं होतं. आता पुढचं सगळं स्पष्ट दिसतं, आणि हात तेच करतात. मग ही अक्कल परत कशाला आणलीत, राणी?"

शेवंतानं आपले हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत पीठ अजून होतं.

"महाराज," ती सावकाश म्हणाली, "मी दळत होते तेव्हा हात काय करताहेत ते मला ठाऊकही नव्हतं. तरी पीठ पडत होतं. जात्यात गहू असते तर गव्हाचं पडलं असतं, ज्वारी असती तर ज्वारीचं. हातांना काय त्याचं?"

राजानं मान वर केली.

"पुन्हा बोला."

"हातांना काय त्याचं, म्हटलं. जात्यात काय घातलं आहे, ते हात बघत नाहीत."

मग राणीनं कर्कटाची अट सांगितली: पहाटेच्या नगाऱ्याला, राजाच्याच हातानं पाणी अडायला हवं. राजा दिवसभर रहाटापाशी बसला. पळ्या पळत होता, धऱ्या धरत होता, दूरबघ्या पहाटेपर्यंत जाऊन बघून परत येत होता. राजा दोराकडं बघे, फळीकडं बघे, बोटानं हवेत वर्तुळं काढी. लोक म्हणाले, आता पुरताच गेला.

सांज झाली. राखणदार खिट्टी काढायला आला. राजानं त्याला परत पाठवला. फळी वर होती तशी ओंडक्यानं टेकवली, दोर पूर्ण सोडला आणि रहाटावर उलट्या बाजूनं गुंडाळला. ताणून खिट्टी घातली आणि ओंडका काढून घेतला.

प्रधान गदाधर काठी आपटत आला. "महाराज, मोरी बंद करायची आहे ना? मग रात्रभर उघडी काय ठेवता? हे शापाचं पाणी!"

"प्रधानजी, रात्री घागर घेऊन कोण येतो?"

"रात्री कोण येणार? पहाटेचा रिवाज आहे."

"मग वाहू दे ओढ्याला. कोणी पिणार नाही."

"पण महाराज, उघडायची म्हणजे बंद, आणि बंद म्हणजे... माझं डोकं फिरतंय."

"माझंही फिरलं होतं," राजा म्हणाला. "उद्या पहाटे मी शहाणा नसेन, प्रधानजी. आत्ता आहे. उद्याच्या खुळ्याचं काम आजच लावून ठेवतो आहे. राणी, उद्या माझा हात रहाटावर पडला की तुम्ही फक्त खिट्टी काढा. मला अडवू नका."

पहाटे नगारा वाजला. राजा उठला. काल संध्याकाळचं काही त्याच्या मनात नव्हतं, पाय चालत होते. त्यानं रहाटाची मूठ धरली. राणीनं खिट्टी काढली. मनगट उजवीकडं वळलं, आयुष्यभर वळलं तसं. रहाट एरवी करकरायचा. आज सैल फिरला. दोर सुटत गेला, फळी उतरत गेली आणि धप्प करून मोरीत बसली. राजाच्या हातानं रिवाजाप्रमाणं खिट्टीही घातली.

पाणी थांबलं.

लोक घागरी पाटात घालून उभे राहिले. घागरी रिकाम्याच वर आल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा रिकाम्या. लोक घागरीत डोकावले, पाटात डोकावले, एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. दासी पेला घेऊन आली आणि कोरड्या पेल्याकडं बघत उभी राहिली.

तेवढ्यात तलावाच्या तळाशी हंडा फुटला. आवाज सगळ्या गावानं ऐकला. पाणी एकदा पिवळं झालं आणि नितळ झालं. कासाराच्या घोट्यावरून दगड वाळल्या चिखलासारखा गळाला. माळणीनं पोटऱ्या झटकल्या. पोवळीच्या गळ्यावरून, छातीवरून, गुडघ्यांवरून खपल्या पडल्या आणि ती धावत सुटली, ती थेट शेवंताच्या अंगावर.

"आईसाहेब, पायाला मुंग्या आल्या!"

"येऊ देत," शेवंता म्हणाली.

राजा अजून रहाटाची मूठ धरून होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. मग धऱ्यानं कालची संध्याकाळ पुढं केली आणि राजा हसला. रडतच हसला.

दोर पुन्हा सुलटा गुंडाळला. राजा पहाटे पाणी सोडतोच, हाताला तेवढंच येतं. पण रोज सांजेला तो रहाटापाशी एकदा येतो, पाणी चाखतो, दोर बघतो आणि उद्या काय हवं ते ठरवून जातो. दरबारात "दिलं" ओठांवर यायचं काही थांबलं नाही. म्हणून मागणारा आला की राजा आधी विड्याचं पान तोंडात घालतो. पान चावून होईपर्यंत ऐकावंच लागतं.

राहिला धनेश. शेवंता पोवळीला घेऊन अरण्यात गेली आणि रिकामी ढोली दोघींनी चिखलानं लिंपून टाकली. धनेश उंबर घेऊन आला. चोच ढोलीशी नेली. ढोली बंद. मागं झाला, पुन्हा नेली. बंद. तो फांदीवर बसला, चोचीत फळ, मान तिरकी. काय करावं त्याला कळेना.

मग त्यानं उंबर हवेत उडवलं, झेललं आणि गिळलं.

"गोड आहे," धनेश म्हणाला.

त्या राज्याचं पाणीही तेव्हापासून गोडच आहे.